ताईचा फोटो काढायला जयपूरला

जयपूरला गेले ती किल्ले बघायला नाही. माझी थोरली बहीण, ताई, जवाहर नगरमधलं बिऱ्हाड मोडून कायमची मुलाकडे कॅनडाला निघाली होती. भावजींची बँकेतली बदली तिला जयपूरला घेऊन गेली आणि ते वारल्यावरही ती तिथेच राहिली. सत्तरी ओलांडलेल्या दोन बायका आता पुन्हा कुठे भेटणार? मला तिचा एक खरा फोटो हवा होता.

खरा म्हणजे मोबाइलचा नव्हे. माझा मोबाइल न विचारता सगळ्यांना गोरं आणि गुळगुळीत करतो. नवऱ्याचे शेवटचे फोटो बघितले की अजून संताप येतो. देवीचे व्रण गायब, कपाळावरच्या आठ्या गायब. ज्या आठ्यांशी मी जन्मभर भांडले, त्या पुसायचा अधिकार या मोबाइलला दिला कोणी?

पुण्याहून थेट गाडी आहे. जवळपास एक अख्खा दिवस जातो, तेव्हा जेवण घरून न्या. माझा खालचा बर्थ एका धडधाकट तरुणाने मागितला, पाठ दुखते म्हणून. मी म्हटलं, "बाळा, माझी तुझ्या जन्माआधीपासून दुखतेय." कोट्याच्या पुढे खिडकीबाहेर मोहरी पिवळीधमक होती. शेजारी कोणी नसलं की अशा वेळी "बघ, बघ" म्हणायला तोंड उघडतं आणि तसंच मिटतं.

स्टेशनवर रिक्षात बसण्याआधी भाडं ठरवा. थंडीत जाणार असाल तर जाड स्वेटर न्या.

ताईच्या घरात दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि खोके एवढंच उरलं होतं. "आलीस? मतलब, एवढीशीच बॅग?" ती म्हणाली. इतकी वर्षं राजस्थानात राहून तिच्या मराठीत हे 'मतलब' कायमचं मुक्कामाला आलं आहे.

दुसऱ्या दिवशी राजा पार्कच्या बाजारात कॅमेऱ्याचं दुकान गाठलं. विक्रेत्याने माझ्या पांढऱ्या केसांकडे बघून निकाल दिला, "आंटीजी, आपके लिए तो मोबाइल ही बेस्ट है." मग मी कॉन्व्हेंट शाळेत नन्सनी शिकवलेलं इंग्रजी बाहेर काढलं. "यंग मॅन, आय आस्क्ड फॉर अ कॅमेरा, नॉट ॲन ओपिनियन." तो ताठ उभा राहिला.

ताई कुजबुजली, "घाबरवलंस बिचाऱ्याला. थेट आपली मदर सुपीरियर!"

तुम्ही घेणार असाल तर कॅमेरा आधी हातात धरून बघा. मनगट दुखलं तर तो कपाटातच राहतो. डोळा लावून बघायची खिडकी हवीच, कारण जयपूरच्या उन्हात मागच्या पडद्यावर काही दिसत नाही. आणि त्याने रॉ फाइल द्यायला हवी, म्हणजे कॅमेऱ्याने स्वतःची अक्कल न लावलेला फोटो. मी जुन्या मॉडेलचा मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला हलका कॅमेरा घेतला. नंतर कोपऱ्यावर गरम प्याज कचोरी खाल्ली. ताईने माझीही अर्धी संपवली.

आमेरच्या किल्ल्यावर सकाळी लवकर जा, पर्यटकांच्या बसगाड्यांच्या आधी. ताईचे गुडघे अर्ध्या चढणीवर थांबले. ती पायरीवर टेकली आणि मी कॅमेरा डोळ्याला लावला.

"थांब, पदर नीट करू दे."

"तू नुसती बस गं."

"मतलब, विस्कटलेलीच काढणार? आणि सुरकुत्या पुसशील ना? कॅनडात सुनेच्या मैत्रिणी बघतील."

"एकही पुसणार नाही."

"लहानपणापासून दुष्ट आहेस." ती खळखळून हसली. तो फोटो मला मिळाला.

पुढचे दिवस मी तिच्यामागे कॅमेरा घेऊन फिरत राहिले. भाजीवाल्याशी घासाघीस करताना, गच्चीवर माकडांना हाकलताना, रिकाम्या स्वयंपाकघरात एकटीच चहा गाळताना. निरोपाच्या वेळी ती फाटकापर्यंत आली. तोही फोटो काढला.

पुण्यात परतल्यावर, ताई कॅनडाला पोचेपर्यंत माझी फोटोंवर काम करायचं सॉफ्टवेअर निवडण्याचीच खटपट चालली होती. एक दरमहा भाडं मागतं. माझेच फोटो बघायला मी भाडं का भरू? दुसरं पहिल्याच बटणाला "चेहरा सुंदर करा" म्हणतं. ते काढून टाकलं. शेवटी एक फुकटचं घेतलं. शिकायला अवघड आहे, पण आगाऊपणा करत नाही. रॉ फोटो उघडला तेव्हा ताई राखेसारखी करडी दिसली आणि मी घाबरले. मग कळलं, तो तसाच असतो. उजेड किती, रंग किती, हे आपण ठरवायचं. आमेरचं ऊन आठवत आठवत मी तिचा गव्हाळ रंग परत आणला. सुरकुत्या होत्या तिथेच ठेवल्या.

सगळे फोटो तिला पाठवले. उत्तर आलं ते इथे संध्याकाळ झाल्यावर, तिकडे दिवस उगवतो तेव्हा.

"म्हातारी दिसतेय. पण मीच आहे. आपल्या दोघींचा कुठे आहे?"

मी पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळे पुन्हा बघितले. सगळीकडे ताई एकटी. अर्ध्या फोटोंत ती हसून माझ्याकडे बघते आहे, आणि तिथे मी नाही.

कॅमेरा घ्यायला जाल तेव्हा सेल्फ-टायमरचं बटण कुठे आहे, ते दुकानातच विचारून घ्या.