दादाच्या दुकानात नया पैसा आला

सायकलीच्या दुकानात किस्से ट्यूबच्या कातरणांसारखे साचतात. कितीही झाडलं तरी कोपऱ्यात उरतातच. कुडवा गावातलं हे दुकान माझ्या दादाचं. तो भादव्यात तापाने गेला. आता मी बसतो. गिऱ्हाईक हवा भरायला येतं आणि दादाचा एखादा किस्सा सांगून जातं. त्यातले बरेच यंदाचे, नया पैसा निघाल्यापासूनचे.

*

शेजारचे गुरुजी एकदा दादाला सांगत होते की रुपया हा शब्द रूप्यावरून आला. रूप्य म्हणजे चांदी. दादाने डब्यातला रुपया काढून दगडावर वाजवला.

"गुरुजी, यात तं चांदी नाही. मंग याले रुपया काऊन म्हणता?"

"तुझ्या बापाचं नाव राजाराम. राज्य कुठं आहे?"

*

मुरमुरे विकणारी सखूबाई नया पैसा हातात धरेना. गुरुजींनी तिला समजावलं, जुना पैसा म्हणजे आण्याचा पाव हिस्सा, हा मात्र रुपयाचा शंभरावा. घोटाळा नको म्हणून सरकारने याचं नावच 'नया' ठेवलं.

सखूबाई म्हणाली, "नया किती दिवस राहीन जी? माही सून तं मांडव निघाच्या आधीच जुनी झाली."

*

एका आण्याचे सहा नये पैसे, पण चार आण्यांचे पंचवीस. खंडू गाडीवानाने हे बरोबर हेरलं. त्याच्या ट्यूबला चार पंक्चर होते, एकेका आण्याचे. तो एक काढून घ्यायचा, सहा पैसे द्यायचा, सायकल ढकलत समोरच्या लिंबाला फेरी मारायचा आणि नवीन गिऱ्हाईक होऊन परत यायचा. चौथ्या वेळी दादाने एक पैसा जास्त मागितला.

"कायचा?"

"लिंबाच्या सावलीचा."

*

आमच्याकडे मेलेल्याच्या तोंडात पैसा ठेवतात, पलीकडे जायचं भाडं म्हणून. दादाला न्यायच्या वेळी मी दुकानाच्या डब्यातून आणला तो नया पैसा निघाला. काका म्हणाला, हा तिकडे सुरू झाला की नाही कोणाला ठाऊक, जुनाच पाहिजे. गुरुजी जुना पैसा आणायला घरी पळाले.

आईने काकाला विचारलं, "अन् नाही चालला तं?"

"तं पलीकडं घेत नाहीत, वहिनी. माघारी धाडतात."

गुरुजी धापा टाकत आले. काकाने त्यांच्याकडून जुना पैसा घेतला आणि दादाजवळ वाकला. मी त्याचा हात बाजूला सारला आणि दादाच्या तोंडात नया पैसा ठेवला.