वाफेवर फुगवलेलं नाक

कवळ्या बनवणाऱ्या त्या बाईला ओळखीतले सगळे पाठीमागे कानस म्हणत. तिच्या हातात दिवसभर कानस असते म्हणून, असं नाव ठेवणारे सांगायचे. खरं कारण तिची जीभ होती. बाईला हे नाव माहीत होतं, आणि मनातून आवडतही होतं. उगाच गोड बोलून माणसं सुधारत नाहीत, घासावी लागतात, असं तिचं मत होतं.

तळमजल्यावर मागच्या बाजूला तिच्या दोन खोल्या होत्या. एकीत प्लास्टर, मेण आणि जबड्यांचे साचे. दुसरीत पॉलिशचं यंत्र आणि साफसफाईसाठी वाफेचा फवारा मारणारं एक पेटीएवढं यंत्र. गावातले सात दंतवैद्य तिच्याकडे मापं पाठवत, आणि सातही जणांबद्दल तिचं मत एकच होतं. एखादं माप उजेडात धरून ती फोन लावायची. "डॉक्टर, हे तोंडाचं माप आहे की कुणी कुरतडलेला साबण? पेशंटला पुन्हा बोलवा." डॉक्टर मुकाट्याने बोलवायचे, कारण तिची कवळी तोंडात कधी खडखडायची नाही.

बावन्न वर्षांची, एकटी, हात दगडासारखा स्थिर. ज्याला हातानं काही नीट करता येत नाही त्याला तिच्या लेखी किंमत नव्हती, आणि अशा माणसांच्या यादीत पहिला नंबर तिच्या मोठ्या बहिणीच्या नवऱ्याचा होता.

दाजी विमा कंपनीच्या शाखेतून साहेब म्हणून निवृत्त झाले होते. "तीस वर्षांत एकच हस्तकला केली त्यांनी," कानस म्हणायची, "सही." निवृत्तीनंतर दाजींनी आधी दुर्बीण आणली, मग गिटार, मग पाव भाजायची भट्टी. दुर्बिणीवर आता टॉवेल वाळत होते. दर वेळी नवीन वस्तूआधी नवीन टोपी यायची, आणि वस्तू माळ्यावर गेली तरी टोपी डोक्यावर राहायची. ताई या सगळ्याकडे बघून नुसती हसायची. त्या हसण्याचाही कानसला राग यायचा. शाळेच्या ऑफिसात पस्तीस वर्षं काम केलेली बाई, आणि घरात मात्र मूग गिळून बसते म्हणजे काय!

एका रविवारी जेवायला बोलावलं म्हणून ती गेली, तर जेवणाच्या टेबलावर ताटांऐवजी विमान. पांढऱ्या-नारिंगी फोमचं, वर रुंद पंख, आणि खाली फुग्यासारखी दोन मोठी काळी चाकं.

"अरे वा, थर्माकोलचं!" कानस म्हणाली.

दाजींनी डोळे मिटून घेतले. "थर्माकोल नाही मेहुणीबाई, फोम. हे बुश प्लेन आहे. जंगलात, वाळूत, नदीकाठी, जिथे धावपट्टी नाही तिथे उतरणारं. अर्थात हे त्याचं लहान रूप."

"आणि हा रिमोट?"

"ट्रान्समीटर! रिमोट टीव्हीचा असतो."

विमान अजून जोडायचं होतं. पंखांमधून कार्बनची नळी घालायची, शेपटीचे दोन भाग स्क्रूने बसवायचे, आतल्या छोट्या मोटरींपासून निघणाऱ्या तारा हलत्या पट्ट्यांना जोडायच्या. सगळं माहितीपुस्तकात चित्रांसकट दिलं होतं. दाजींनी पुस्तक उघडलं नव्हतं, पण स्टिकर मात्र सगळे लावून झाले होते. दारावर 'कॅप्टन' असंही लिहून घेतलं होतं.

कानसने जेवता जेवता पुस्तक चाळलं. ताट बाजूला सारल्यावर दाजींनी अंदाजाने भाग आणि तारा जोडून सगळ्यांना प्रात्यक्षिक दाखवलं. ट्रान्समीटरची दांडी उजवीकडे ढकलली, पंखांच्या मागच्या कडेच्या पट्ट्या हलल्या.

"दाजी, उजवीकडे वळताना उजव्या पंखाची पट्टी वर जाते असं चित्रात आहे. तुमची खाली जातेय."

"ते मागून बघायचं असतं."

"मी मागूनच बघतेय."

"मेहुणीबाई," दाजी मायेने म्हणाले, "तुम्ही दात बसवा. आम्ही विमान बसवतो."

कानसने पुस्तक मिटलं. ताईने भांडी उचलायला घेतली. त्यानंतर कानसने तोंडाला जे कुलूप लावलं ते मुद्दाम लावलं, आणि त्या मुद्दामपणात तिला चांगलीच मजा वाटली. पुढच्या रविवारी मैदानावर यायचं आमंत्रण तिने लगेच स्वीकारलं, ते याच मजेपोटी.

मैदान गावाबाहेर होतं, पाण्याच्या टाकीमागे. तिथे विमानं उडवणाऱ्या पाच-सहा जणांचा क्लब जमायचा. घडीच्या खुर्च्या, खिसेच खिसे असलेली जाकिटं, आणि वाऱ्याविषयी चर्चा. त्यांतल्या कुणाच्याच विमानाचे दोन पंख एका रेषेत नव्हते, हे कानसने पहिल्या मिनिटात पाहिलं. एकाच्या विमानाला सुकलेल्या गोंदाचे ओघळ होते, जेवून तोंड न पुसलेल्या माणसासारखे.

दाजींनी टोपी सारखी केली आणि विमान सोडलं. दहा-बारा हात धावून ते अलगद वर उठलं. खुर्च्यांवरून टाळ्या पडल्या. मग वाऱ्याने विमान जरासं डावीकडे कललं. दाजींनी ते सावरायला दांडी उजवीकडे ढकलली. विमान आणखी डावीकडे कललं. दाजींनी दांडी पार टोकाला नेली. विमान हवेतच पाठीवर उलटलं आणि नाकाने जमिनीत घुसलं.

एवढ्या दुरून आवाज आला तो कुणी रिकामं खोकं टाकल्यासारखा.

"वारा," दाजी म्हणाले. मग म्हणाले, "कंपनीचा दोष." गाडीत बसेपर्यंत अजून तीन कारणं झाली. कानस मागच्या सीटवर बसली होती. बोलायची गरजच नव्हती; तिचा चेहराच पुरेसा होता, आणि ताईने आरशातून तो बघितला.

बुधवारी सकाळी ताई एका जुन्या चादरीत गुंडाळून अवशेष घेऊन कानसच्या दारात उभी राहिली.

"यांनी माळ्यावर टाकलं होतं. काही होईल का याचं?"

"मी कवळ्या करते ताई, चमत्कार नाही. आणि त्या माणसासाठी तर नाहीच."

"त्यांच्यासाठी म्हटलं कुणी?"

कानसने त्या वाक्याकडे लक्ष दिलं नाही. तिचं लक्ष चादरीत गेलं होतं. नाक आत दबलेलं, पंख्याचं पातं तुटलेलं, चाकांचा आस खालच्या फोमसकट उपटून आलेला, एक पंख मुळाशी चिरलेला. "शी!" ती म्हणाली. बिघडवलेलं काम बघून तिच्या तोंडून निघायचं तेच हे शी. दिवा ओढून घेत ती स्टुलावर बसली.

आधी एका तुकड्यावर तिने आपला नेहमीचा गोंद लावून बघितला. गोंदाने फोम खाल्ला, भोक पडलं. दुसरा लावला, तो धरला. दबलेल्या नाकाचं काय करावं हे तिला सुचत नव्हतं. सहज म्हणून तिने वाफेचा फवारा दुरून मारला, आणि फोमचे चिरडलेले दाणे एकेक करून फुगून वर यायला लागले. बशीत भिजत घातलेल्या कडधान्यासारखे. ताई ओरडलीच, "अगं, नाक आलं!"

"दिसतंय मला," कानस म्हणाली, पण आवाजात कानस नव्हती.

चार दिवस दुपारी ती त्यावर बसली. शेपटीच्या टोकापासून दोन्ही पंखांच्या टोकांपर्यंत दोरा धरून अंतर सारखं केलं. पंखाखाली खूण केलेल्या जागी दोन बोटांवर विमान तोलून धरलं, आणि ते नाकाकडे जरासं झुकेपर्यंत आतली बॅटरी पुढेमागे सरकवली. ताईने आणून दिलेल्या ट्रान्समीटरमध्ये पट्ट्यांची दिशा उलट करायची सोय होती. पुस्तक वाचून ती फिरवली. दारावरचा 'कॅप्टन' तिने ब्लेडने खरवडून काढला. त्याची काही गरज नव्हती, पण काढला.

"उडवून बघायचं," ती ताईला म्हणाली. "ज्याने बनवलं त्याने तपासायचं, हा माझा नियम आहे. आणि तुझा नवरा नको."

एका कामाच्या दिवशी सकाळी दोघी मैदानावर गेल्या. क्लबातलं कुणी नव्हतं. विमान धावलं, उठलं, आणि सरळ, सुरेख, तिच्या हुकुमाप्रमाणे वर चढत गेलं. यात कठीण ते काय, असं कानसच्या मनात आलं. एवढ्यासाठी त्या माणसांना टोप्या लागतात! तिने विमान टाकीच्या बाजूने वळवलं. आणि मग ते तिच्या दिशेने परत यायला लागलं.

आता त्याचं डावं तिच्या उजवीकडे होतं. तिने डावीकडे दांडी ढकलली, ते भलतीकडेच कललं. पुन्हा ढकलली, आणखी कललं. कडेच्या झाडांची रांग मोठी मोठी होत गेली. आयुष्यात पहिल्यांदा त्या दगडासारख्या हातांना काय करायचं ते कळेना.

"दे," ताई म्हणाली.

"थांब, मी..."

"दे इकडे!"

ताईने ट्रान्समीटर तिच्या हातातून घेतला. विमान झाडांच्या शेंड्यांजवळ सरळ झालं, थोडं वर गेलं, ऐसपैस वळसा घेऊन वाऱ्याला तोंड करून आलं आणि त्या फुग्यासारख्या चाकांवर दोन उड्या मारून गवतात थांबलं.

कानस विमान उचलून घेऊन आली.

"कधी शिकलीस?" कानसने विचारलं.

"दुपारी. हे झोपतात तेव्हा. हा ट्रान्समीटर कॉम्प्युटरला लावून पडद्यावर खोटं विमान उडवता येतं. दोन महिने झाले, खोका घरात आल्यापासून."

"मला बोलली नाहीस!"

"तू हसली असतीस."

"मी कशाला हसेन?"

"तू सगळ्यांनाच हसतेस," ताई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "हे बढाया मारतात, मी ऐकते. कान दुखतात, बस. पण पस्तीस वर्षांत त्यांनी मला कधी मूर्ख म्हटलं नाही. तू भेटल्यापासून निघेपर्यंत म्हणतेस. तोंडाने नाही, भुवईने. त्या दिवशी पट्ट्या उलट्या आहेत हे तुला माहीत होतं. मैदानावर पुन्हा एकदा सांगितलं असतंस तर काय जीभ झिजली असती? तुला ते पडलेलं बघायचं होतं."

कानसच्या जिभेवर नेहमीप्रमाणे उत्तर तयार होतं. ते तिने काढलं नाही, कारण ते खोटं होतं. गाडीत ठेवताना तिने विमानाची चाकं रुमालाने पुसली, ती मात्र नको तितका वेळ.

रविवारी दाजींनी नव्या नाकाचं विमान क्लबासमोर मांडलं. "थोडं सेटिंग चुकलं होतं कंपनीचं," ते म्हणाले, "मी दुरुस्त करून घेतलं." दोघा-तिघांनी माना डोलावल्या. कानसच्या भुवया वर गेल्या आणि ताईने तिच्याकडे बघितलं.

"दाजी, पट्ट्या उलट्या होत्या," कानस म्हणाली. खुर्च्यांवरच्या माना वळल्या. "मी जेवताना एकदा सांगितलं, पुन्हा सांगायला हवं होतं, नाही सांगितलं. आणि परवा मीच हे विमान त्या झाडांवर घालत होते. ताईने उतरवलं."

दाजी आधी विमानाकडे, मग बायकोकडे बघत राहिले.

"म्हणजे उडवता हिला येतं?"

"आपल्या तिघांत हिलाच येतं."

साहेबी अंगात मुरलेल्या माणसाला असलं गिळणं जड जातं. दाजींनी खाकरून घसा साफ केला, टोपी काढली, पुन्हा घातली, आणि ट्रान्समीटर ताईच्या हातात असा दिला, की जणू ते बक्षीस समारंभाचे अध्यक्ष आहेत. कानसने कपाळाला हात लावला. तरी दिला, हे तिने मान्य केलं.

त्यानंतर ताई दर रविवारी उडवायला लागली. दाजी खोका उचलतात, बॅटरी चार्ज करतात, आणि नवीन माणूस दिसला की बुश प्लेन म्हणजे काय यावर अर्धा तास व्याख्यान देतात. त्यातली निम्मी माहिती चुकीची असते. कानस ती ऐकून तोंड वाकडं करते, पण वळून, दुसरीकडे बघून.

क्लबातली माणसं मोडकी नाकं घेऊन तिच्या खोलीवर येतात. "हा गोंद आहे की मळलेली कणीक?" ती विचारते आणि वाफेचं यंत्र चालू करते. निवृत्त न्यायाधीश असोत की डोळ्यांचे डॉक्टर, मान खाली घालून ऐकून घेतात. त्यांच्याबद्दलचं तिचं मत रेसभरही बदललेलं नाही.

मंगळवारी दुपारी ती ताईकडे जाते. आतल्या खोलीत दाजी घोरत असतात. ती कॉम्प्युटरसमोर बसते आणि पडद्यावरचं विमान पाडते. एका दुपारी सोळा वेळा पाडलं.

"येताना जो पंख खाली झुकेल, त्याच बाजूला दांडी ढकल," ताई शेजारी बसून सांगते. "पंखाला खालून टेकू द्यायचा. डावं-उजवं विसरून जा."

"मूर्ख आहे हे यंत्र," कानस म्हणते.

"हो का? बरं. पुन्हा उडव."

कानस पडद्याकडे तुच्छतेने बघते, खुर्ची पुढे ओढते, आणि पुन्हा उडवते.