बापूकाकांचा डावा पाय

टीव्ही बघतानाही शेजारच्या बापूकाकांचा डावा पाय फरशी दाबत असतो. काका एसटीचे रिटायर्ड ड्रायव्हर. मुलानं ऑटोमॅटिक गाडी दिली, पण तो पाय सवयीनं क्लच शोधायचा आणि ब्रेकवर पडायचा. काकूंचं कपाळ दोनदा आपटलं, तेव्हा काकांनी किल्ली खुंटीला अडकवली. मी त्यांच्या एसटीची घरघर तोंडानं काढून दाखवली, तरी हसले नाहीत.

इतकी वर्षं एसटीला घाट चढवणाऱ्या पायाला कुणी सांगायचं, की बाबा, तू आता नको?

मग महिनाभर अंगणात गॅरेजच्या मेस्त्रींबरोबर खपून काकांनी गाडीलाच क्लच बसवला, गिअरबॉक्स बदलला. आज पहिला गिअर पडला. घर्रर्र!

"काय रे नकल्या, तुझ्यापेक्षा बरा आवाज काढते ना?" काका खिडकीतून ओरडले.

शेजारच्या सीटवरून काकू म्हणाल्या, "समोर बघा आधी!"