आवडाबाईचा वाटा

उरणजवळच्या मिठागरात राबणाऱ्या आवडाबाईला १९६१ सालापर्यंत गावात कुणी प्रामाणिक म्हटलं नव्हतं. तिची तशी तक्रारही नव्हती.

त्या वर्षी अवकाळी पावसानं मीठ विरघळलं आणि मजुरी बुडाली. गावच्या चर्चनं दर रविवारी परदेशी दूधपावडर वाटायला घेतली. घेणारे हिंदू-किरिस्ताव सगळेच, पण माप चर्चमधल्या इनासच्या हाती. आपल्या माणसांना तो डबा दाबून भरी, बाकीच्यांना भुरभुरीत. मग चर्चच्या पायऱ्यांवर शिव्या सुरू. पाद्री टेकीला आले.

"पादरीबाबा, खाडीतली मासळी आमी कशी वाटतो?" आवडाबाई म्हणाली. "वाटे मांडायचे. एकानं पाठ करून बसायचं. दुसऱ्यानं वाट्यावर काठी टेकून इचारायचं, कुनाचा? पाठमोऱ्यानं नाव घ्यायचं. तोंडातनं गेलं ते गेलं."

"पाठ करून बसणार कोण?"

"मीच बसते की."

न्यायाशी तिचं काही देणंघेणं नव्हतं. लेक राही बाळंतपणाला माहेरी आलेली, पोरं जुळी, आणि अंगावरचं दूध दोघांना पुरत नव्हतं. आवडाबाईनं नणंदेला, सोनाबाईला, पढवून ठेवलं: सगळ्यात मोठ्या वाट्यावर काठी आली की खोकायचं.

रविवारी ताडपत्रीवर वाटे मांडले. आवडाबाई भिंतीकडे तोंड करून बसली. इनासनं पहिली काठी टेकली ती कडेच्या, पिंपाच्या तळातून खरवडलेल्या वाट्यावर. तेवढ्यात खाडीवरून वारा आला आणि पावडर उडून थेट सोनाबाईच्या नाकातोंडात गेली. तिला ठसकाच लागला.

"कुनाचा?"

"माझा!" आवडाबाई गरजली.

म्हातारा बुधाजी म्हणाला, "आयला, सोताला सगल्यांत ल्हान घेतला!"

आवडाबाईनं वळून वाटा पाहिला, मग सोनाबाईकडे पाहिलं. सोनाबाई डोळे पुसत अजून खोकतच होती. आवडाबाईनं पुन्हा भिंतीकडे तोंड केलं आणि दातओठ खात उरलेली नावं घेतली.

"पन हिच्या घरात जुळी पोरं हायत," बुधाजीला राहवेना.

"आधी का नाही सांगितलंस?" पाद्रींनी विचारलं.

"इचारलं कुनी?"

पाद्री ओशाळले. घरात तान्हं मूल असेल तिथं दोन वाटे, असं त्यांनी तिथंच ठरवलं आणि नवं पिंप फोडायला लावलं. एवढ्या सचोटीच्या बाईपुढे इनासचीही तोंड उघडायची छाती झाली नाही.

तेव्हापासून गावात बोकड कापला, मासळी धरली की पाठ करून बसायला आवडाबाईलाच बोलावणं येई. लबाडी करायची सोयच उरली नाही. सगळ्यांचे डोळे तिच्यावर.

रविवारी संध्याकाळी मात्र सोनाबाई वाटी घेऊन दारात उभी राही.

"वैनी, खोकला येतोय गं."

आवडाबाई मुकाट्यानं वाटी भरून देई. भुरभुरीत दिली तर सोनाबाई जरा मोठ्यानं खोके. मग दाबून.