सामान कोण बघणार?

आमच्या घरात कुठंही जायचं म्हटलं की एक माणूस सामानाजवळ बसतो. हे काम माझ्याकडे आपोआप आलं आणि मी ते घट्ट धरून ठेवलं. उत्तर लंडनमधल्या आमच्या जुन्या भाड्याच्या घराजवळ एक आइस रिंक होतं. मुलगी सहा वर्षांची झाली तेव्हापासून दर शनिवारी आम्ही तिथं जायचो. ती आणि तिचा बाबा बर्फावर स्केटिंग करत, मी काठाच्या बाकावर. मांडीवर तीन कोट, पायाशी बुटांची पिशवी, शेजारी तूप-साखर लावून गुंडाळलेल्या पोळ्यांचा डबा. "आई, तू पण ये ना," ती म्हणायची. "आणि सामान कोण बघणार?" मी विचारायचे. जसं काही लंडनमधले सगळे चोर आमच्या पोळ्यांवरच टपून बसले होते.

खरं कारण निराळं होतं. या देशातल्या पहिल्याच हिवाळ्यात गोठलेल्या फुटपाथवर मी सपशेल आपटले होते आणि मनगट मोडून घेतलं होतं. दीड महिना हात प्लास्टरमध्ये. मुलगी तेव्हा दोन वर्षांची. तिला उचलून घेता येईना, म्हणून ती रडायची आणि मीही. तेव्हापासून पायाखाली बर्फ म्हटलं की मी दोन पावलं मागेच सरते. पण हे बोलायचं कोणाजवळ? भित्री म्हणवून घेण्यापेक्षा हमाल म्हणवून घेतलेलं बरं.

मुलगी मात्र भलती मिरवायची. प्रत्येक फेरीत समोरच्या कोपऱ्यात पोचली की थांबून मला हात करायची. मी डब्याचं झाकण हलवायचे आणि मनात म्हणायचे, बापावर गेलीये. बापाला मिरवायला तसं फारसं काही लागत नाही. कठडा धरून अर्धी फेरी मारली तरी तो परत येऊन सांगायचा, "आज काय स्पीड आला होता मला."

आता आम्ही मिल्टन कीन्सला असतो आणि मुलगी युनिव्हर्सिटीत. गेल्या फेब्रुवारीत ती चार दिवस घरी आली आणि म्हणाली, "चला, आपल्या जुन्या रिंकवर जाऊ या." नवऱ्यानं लगेच माकडटोपी शोधून काढली. मी कणीक भिजवली.

रिंक होतं तसंच आहे. ओल्या मोज्यांचा तोच वास, खाली तीच काळी रबरी जमीन. मी सवयीनं थेट माझ्या बाकावर जाऊन बसले. मुलगी भाड्याचे स्केट्स घेऊन आली, तर तीन जोड. तिसरा माझ्या मापाचा.

"अगं पण सामान..."

"आई, मागे बघ."

मागे लॉकर होते. इतकी वर्षं मी ज्याला पाठ टेकून बसायचे, ते लॉकर.

"नवीन केलेले दिसतायत," मी म्हणाले.

"गंजलेत ते," नवरा म्हणाला. "नीट बघितलंस तर तुझ्या पाठीचा पोचाही दिसेल."

खोटं कशाला बोलू, ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होते.

मुलीनं लॉकर उघडला. कोट, पिशव्या, माझी पर्स, सगळं आत कोंबून किल्ली खिशात टाकली. डबा तेवढा नवऱ्यानं काढून घेतला. मग ती माझ्यासमोर गुडघ्यांवर बसली आणि तिनं माझ्या स्केट्सच्या नाड्या आवळून बांधल्या, मी तिच्या शाळेच्या बुटांच्या बांधायचे तशा. आता सांगायला एकही कारण उरलं नव्हतं. उठले.

बर्फावर पाय ठेवला आणि दोन्ही हातांनी कठडा असा धरला की कुणाला वाटावं मीच तो विकत घेतलाय. लहान मुलं आधाराचे प्लास्टिकचे पेंग्विन ढकलत शेजारून सर्रकन निघून जात होती. नवरा दोन फेऱ्यांत दमला आणि "स्केट्स चावतायत" म्हणून बाहेर पडला. मुलगी माझ्यापुढे उलटी सरकत वीतभर वीतभर मला नेत होती.

समोरच्या कोपऱ्यात पोचायला आम्हांला वीस मिनिटं लागली असतील. तिथं ती थांबली. "इथून तुझा बाक दिसतो," ती म्हणाली. "मी स्केट करायचे तेव्हा तू डोळे मिटून बसायचीस. कोट असा गच्च धरून."

"छे, काहीतरीच."

"आई, आय न्यू, मला कळायचं. म्हणून तर मी इथे आले की तू डोळे उघडेपर्यंत हात करायचे. मी पडले नाहीये, हे तुला कळावं म्हणून."

मला एकदम रडू आलं. सहा वर्षांची पोर प्रत्येक फेरीला मला धीर देत होती आणि मी तिला मिरवणारी म्हणत होते. नाक पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून तसंच वाहू दिलं.

पलीकडे माझ्या बाकावर नवरा बसला होता. मांडीवर उघडा डबा, पण खाणं थांबलेलं, मान उंच करून तो आम्हांलाच शोधत होता. मी कठड्यावरचा एक हात सोडला. मनगट मोडलं होतं तोच. वर केला आणि हलवला.

त्यानंही हात केला. पोळी हातातच होती.