नेत्राक्काचं रॉकेट आणि माझी खुर्ची

रॉकेटवर बसलेला बिदर जिल्ह्यातला पहिला माणूस मी. त्या वेळी ते उडत नव्हतं, खुर्चीवर पडून वाळत होतं, एवढाच काय तो फरक.

खुर्ची माझी. मैलूरमधल्या माझ्या छापखान्यात चोवीस वर्षं मी तिच्यावर न बघता बसत आलोय. त्या दिवशीही दुपारचं जेवून आलो आणि तसाच बसलो. खालून दोनदा कट् कट् आवाज आला, भाजका पापड मोडल्यासारखा. मला वाटलं, आपलंच काहीतरी मोडलं. या वयात माणूस पहिला संशय स्वतःवरच घेतो. तेवढ्यात टेबलापलीकडून नेत्राक्का म्हणाली, "अण्णा, उठा."

उठलो. खुर्चीच्या कडेला हातभर लांबीची पुठ्ठ्याची नळी होती, तिच्या टोकाला लाल टोपी, आणि शेपटाला तीन पंख असायचे तिथं एक. उरलेले दोन माझ्या पँटला चिकटले होते, कारण डिंक ओला होता. मोडक्या पंखांसकट मी तिच्यासमोर उभा राहिलो आणि तिनं ते माझ्याकडून काढून घेतले, शाळेत पोराच्या खिशातली गोटी काढून घ्यावी तसे.

"बघून बसायचं न्हाई का?" असं ती म्हणाली असती तर मला बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "चूक माझी हाय. खुर्ची म्हनल्यावर मानूस बसनारच."

नेत्रावती आमच्या छापखान्याच्या मागच्या खोलीत अकरा वर्षं भाड्यानं राहते. वय सेहेचाळीस. सडसडीत बांधा, केसांत एक पांढरी बट, आणि पर्समध्ये कायम खडूचे तुकडे, त्यामुळं तिनं दिलेली प्रत्येक नोट थोडी पांढरी असते. घरी बोलणं कन्नड, पाढे मात्र मराठीत, बस कंडक्टरशी भांडण दखनीत. तिच्या मते रागवायला कन्नडच बरी. "सुम्म कूड" म्हटलं की पोरगं गप्प बसतं, मराठीत "गप बस" म्हटलं की उलटं बोलतं.

रोज सकाळी ती दोन बस बदलते, औरादला एक आणि पुढं चिंताकीला जाणारी दुसरी, आणि मग दोन किलोमीटर पायी एका वाडीवर जाते. वाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथली माणसं वाईट नाहीत, आणि वाचलं तर त्यांना वाईट वाटेल. तिथं चौथीपर्यंतची मराठी शाळा होती. नेत्राक्का त्याच शाळेत शिकली आणि पुढं तिथंच शिकवायला लागली, पण अतिथी शिक्षिका म्हणून. म्हणजे जूनमध्ये बोलावणं येतं आणि मार्चमध्ये संपतं. सोळा वर्षं ती त्या शाळेत पाहुणी होती. इतका लांब मुक्काम केलेला पाहुणा मला दुसरा माहीत नाही, माझे मेहुणे सोडले तर.

त्या वर्षी शाळेत सात पोरं उरली होती. वरून सांगणं आलं, जूनअखेर दहा झाली तर शाळा राहील, नाहीतर शेजारच्या गावच्या शाळेला जोडली जाईल. दहा म्हणजे आणखी तीन.

मे महिनाभर ती वाडीत दारोदार फिरली. संध्याकाळी परत आली की छापखान्याच्या पायरीवर बसून चपला झटकायची.

"काय झालं, अक्का?"

"चहा झाला."

"आणि?"

"आनखी चहा झाला. सगळे चहा पाजतेत, अण्णा. 'बाई, तुमचं खरं हाय' म्हनतेत. न्हाई म्हननारा एक तरी भेटला असता तर भांडता आलं असतं."

वाडीच्या तोंडाशी सकाळी साडेआठला इंग्रजी शाळेची पिवळी व्हॅन येते. तिच्यात पोरं कोंबून भरलेली असतात, वेफरच्या पाकिटात हवा भरतात तशी नाही, खरोखरची भरलेली. नेत्राक्का बसमधून उतरून चालत जायची तेव्हा ती व्हॅन समोरून यायची, आणि तिनंच बाराखडी शिकवलेली पोरं खिडकीतून हात करायची. तीही करायची. हात करायला काय, म्हणायची, हाताला पटसंख्या लागत न्हाई.

रॉकेट आलं ते अशा दिवसांत. किरणकुमार नावाचा तिचा एक जुना विद्यार्थी बेंगळूरला नोकरी करतो. त्याला तिनं फोनवर सहज म्हटलं होतं, पोरांना दाखवायला काहीतरी पाहिजे. त्यानं एक खोकं पाठवलं. आत नळी, टोपी, हलक्या लाकडाचे तीन पंख, गुलाबी प्लास्टिकची छत्री, रबराची दोरी आणि एक इंजिन, बोटाएवढं. एकच. खोक्यावर लिहिलं होतं, दहा वर्षांवरील मुलांसाठी. मी छप्पन्न वर्षांचा, म्हणजे मला परवानगी होती. ती कशी वापरली हे वर सांगितलंच आहे.

तिची योजना साधी होती. जूनच्या दुसऱ्या रविवारी वाडीच्या माळावर रॉकेट उडवायचं. सातही पोरांनी मिळून. सगळी वाडी बघेल. आणि मुख्य म्हणजे आप्पाराव बघेल. आप्पारावच्या घरात शाळेत घालायची नेमकी तीन लेकरं होती, दोन त्याची आणि एक भावाचं. तो म्हणाला होता, "रॉकेट उडू द्या, बाई. मग बोलू." सबंध मे महिन्यात चहा सोडून तिला मिळालेलं ते एकच वाक्य होतं. ती ते उराशी धरून होती.

मोडलेल्या पंखांचं काय करायचं, हा प्रश्न होता. तसलं लाकूड बिदरमध्ये मिळेना. शेवटी प्रायश्चित्त म्हणून मी माझ्या धंद्यातलाच माल काढला. छापताना चुकलेल्या लग्नपत्रिका माझ्याकडं ढिगानं. तीन-तीन पत्रिका एकमेकींना चिकटवल्या, कागदाच्या रिमांखाली दोन दिवस दाबल्या आणि कटरवर कापल्या. पंख असे कडक झाले की वाजवले तर टणटण व्हावेत. एकावर 'आपले नम्र' राहिलं, दुसऱ्यावर उलटं 'कार्यस्थळ'.

"वरून पांढरा कागद लावू का?" मी विचारलं.

"असू द्या. पोरं वाचतील."

ते तिनं नळीला चिकटवले तेव्हा मी खोलीतही थांबलो नाही. बाहेर उभा राहिलो. तिनंच दारातून सांगितलं, "आता या. पन बसू नका."

इथवर ठीक होतं. पण अपराधी माणसाचा उत्साह फार वाईट. मला वाटलं, एवढ्यानं आपलं पाप फिटत नाही. मी तिला न विचारता निमंत्रणपत्रिका छापायला घेतल्या.

आमच्या सीमेवरच्या छापखान्यांची एक रीत आहे, ती सांगायला हवी. इथं एका लग्नाच्या तीन पत्रिका निघतात. उदगीर-लातूरकडच्या सोयऱ्यांना मराठी, कलबुर्गीकडच्यांना कन्नड, आणि साहेब लोकांना इंग्रजी. इंग्रजी थोड्याच असतात, जाड कागदावर, सोनेरी अक्षरांत. त्या वाचायला नसतातच, मान द्यायला असतात. चोवीस वर्षांत हात इतका सरावलाय की रॉकेटच्या निमंत्रणालाही मी साठ मराठी काढल्या आणि वर दहा इंग्रजी. मराठी नेत्राक्काला दिल्या. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. इंग्रजी दाखवायच्या राहून गेल्या.

शनिवारी मी स्वतः गाडीवरून वाडीला गेलो. मनात म्हटलं, या सगळ्यात महत्त्वाचा माणूस आप्पाराव. त्याला साधी पत्रिका कशी द्यायची? सोनेरी अक्षरांची काढली, दोन्ही हातांनी त्याच्या हातात ठेवली आणि म्हणालो, "ही खास तुमच्यासाठी. बाकी वाडीला दुसरी."

आप्पारावला वाचता आली नाही. पण त्यानं ती उन्हाकडं धरून हलवली, अक्षरं चमकली, आणि त्याचा चेहरा असा फुलला की मला वाटलं, तीन पोरं पटावर आलीच. त्याच्या आईनं, नागूबाईनं, पत्रिकेला हळदकुंकू लावलं आणि देव्हाऱ्यात उभी केली.

रविवारी माळावर सगळी वाडी जमली. नागूबाई नारळ घेऊन आली आणि रॉकेटच्या पायथ्याशीच फोडायचा म्हणून हटून बसली. नेत्राक्कानं तिला पंधरा पावलं लांब नेलं.

"इंजिनात पानी गेलं तर उडनार न्हाई, आजी."

"देवाच्या पान्यानं कामून अडंल?"

"देवाला सवय हाय, इंजिनला न्हाई."

मग तडजोड म्हणून लाल टोपीवर कुंकवाचं बोट लागलं. जमिनीत रोवलेल्या सळईवर रॉकेट उभं होतं, वायर लांब ओढलेली, बटण एका पोरीच्या हातात. दहापासून उलटं मोजायचं होतं. नेत्राक्का माझ्या कानाशी हळूच म्हणाली, "उलटं मोजायची सवय हाय शाळेला. मी शिकायला होते तवा एकेचाळीस. मग तेहतीस, वीस, बारा. आता सात."

सातही पोरं मोठ्यानं मोजत होती. शून्याला बटण दाबलं. काही झालं नाही. वाडीतलं कुणीतरी हसलं. पोरीनं पुन्हा दाबलं, आणि फस्स आवाज झाला, आणि ते गेलं.

मी लग्नाच्या वराती पाहिल्यात, बिदरच्या आकाशात विमानांच्या कसरती पाहिल्यात. पण 'आपले नम्र' एवढ्या उंच जाताना कधी पाहिलं नव्हतं. धुराची एक रेघ सरळ वर गेली, ठिपका झाली, मग वर एक बारीक टाळी वाजल्यासारखं झालं आणि गुलाबी छत्री उघडली. छत्री तरंगत तरंगत मुगाच्या रानात उतरली. पोरं धावली. नेत्राक्का धावली नाही. ती आप्पारावकडं बघत होती.

आप्पाराव पुढं आला, हात जोडले आणि म्हणाला, "बाई, डोळ्याचं पारनं फिटलं."

त्या दिवशी परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसून झोपली. अकरा वर्षांत मी तिला झोपलेलं पहिल्यांदा पाहिलं. तोंड थोडं उघडं होतं, आणि मांडीवर रॉकेट.

मंगळवारी सकाळी पिवळी व्हॅन आप्पारावच्या दारात थांबली होती. तीन पोरं आत चढत होती. नव्या बुटांनी नीट चढताही येत नव्हतं त्यांना, नेत्राक्कानंच धाकट्याला हात दिला म्हणे.

शाळा सुटल्यावर ती आप्पारावकडं गेली. चहा मिळालाच. संध्याकाळी ती छापखान्यात आली आणि माझ्यासमोर टेबलावर सोनेरी अक्षरांची पत्रिका ठेवली. तिच्यावर हळदकुंकू वाळलं होतं.

"हे कुनी छापलं, अण्णा?"

बिदरमध्ये छापखाने पुष्कळ आहेत. पण मी शाईचे हात पुसत राहिलो.

"त्यो म्हनला," ती सांगू लागली, आवाज वर्गात धडा वाचताना असतो तसा सपाट, "'बाई, असलं रॉकेट उडवायचं असंल तर लेकरू इंग्रजीतच पायजे, हे मला तिथं कळलं. आन तुमी बी तेच सांगायलाव. साऱ्या वाडीला मराठी चिठ्ठी, आन मोठ्या मानसाला इंग्रजी. मग माझ्या लेकराला कोनत्या रांगेत बसवू?'"

"तू काय म्हणालीस?"

"काय म्हननार? चूक काय हाय त्यात?"

मी म्हणालो, मी आप्पारावकडं जातो, समजावतो, माझी चूक होती, रीत होती. ती म्हणाली, नका जाऊ, चहा पाजतील.

जाऊन उपयोगही नव्हता. रॉकेट बघून गेलेल्या आणखी दोन घरांनी आपापली पोरं पटावरून काढली. त्यांनाही माळावर तेच कळलं होतं. जूनअखेर मोजणी झाली तेव्हा पोरं पाच होती. जुलैत कागद आला. पाच पोरं शेजारच्या गावच्या कन्नड शाळेत गेली. पाहुण्या बाईला यापुढं बोलावणं नव्हतं.

शाळेला कुलूप लागलं त्या दिवशी ती दुपारीच परत आली. दुपारी तिला मैलूरमध्ये बघायची मला सवय नव्हती. क्षणभर वाटलं दुसरीच कुणी बाई आहे. हातातल्या पिशवीतून तिनं पोरांनी रंगवलेला एक तक्ता काढला, खडूची अर्धी पेटी काढली आणि रॉकेट काढलं. मुगाच्या रानात पडताना त्याचा एक पंख मोडला होता. खोक्यातून आलेला, लाकडाचा. माझे लग्नपत्रिकेचे दोन्ही शाबूत होते.

माझ्या आत एक वेडा माणूस राहतो, त्याला अशा वेळी गप्प बसवत नाही. मी म्हणालो, "अक्का, हा तिसरापण मी करून देतो. दोन दिवसांत. पत्रिका आहेतच."

तिनं रॉकेट माझ्या खुर्चीवर ठेवलं, पर्समधले खडूचे तुकडे पेटीत टाकले, पेटी बंद केली.

मी अजूनही थांबलो नाही. "नाहीतर याचं करायचं काय आता?"

"बसा त्याच्यावर."