बर्लिनच्या बैठकीत विलास गप्प बसला

विलास खांबेटे आमच्याच इमारतीत दोन मजले वर राहतो. मी न्युरेम्बर्गला मुलाकडे राहायला आलो तेव्हा घराबाहेर माझ्याशी मराठीत बोलणारा तो पहिला माणूस. संध्याकाळी आम्ही कालव्याच्या कडेने फिरायला जातो. मला लिहिण्याची सवय नाही आणि कारखान्यातलं फारसं कळतही नाही. विलासने जसं सांगितलं तसं लिहितो आहे.

तो मूळचा सांगलीचा, मेकॅनिकल इंजिनिअर. इथल्या एका छोट्या कारखान्यात त्याने वीसेक वर्षं काढली. गिअरचे दात भट्टीत तापवून कडक करायचे, हे तिथलं काम. त्याला हार्डनिंग म्हणतात. भट्टी रात्रंदिवस विजेवर चालते. विजेचे दर वाढले तसा कारखान्याचा श्वास कोंडू लागला. सरकार स्वस्त वीज देत होतं, पण ती प्रचंड वीज खाणाऱ्या मोठ्या कारखान्यांना. किती वीज वापरली की सवलत मिळते, ही मर्यादा थोडी खाली आली असती तर विलासचा कारखाना सवलतीत बसला असता. नाहीतर बंद.

अशा कारखान्यांचा एक संघ आहे. छोटे-मोठे सगळे त्याची वर्गणी भरतात आणि संघ त्यांच्या वतीने बर्लिनला सरकारकडे बाजू मांडतो. त्यासाठी काय खर्च होतो ते इथे उघड नोंदवावं लागतं, कोणीही इंटरनेटवर पाहू शकतो. विलासच्या बायकोने, नीलिमाने, ते मला दाखवलं होतं. वर्षाला पंधरा लाख युरोंच्या वर.

मी म्हटलं, "एवढे पैसे घालून नुसतं बोलतात?"

"बोलायलाच तर पैसे लागतात, काका," विलास हसला. "आता या खर्चात माझं तिकीटही आहे."

त्या वर्षी संघाने मंत्रालयातल्या भेटीआधी सभासदांची बैठक बोलावली होती. कारखान्याचे मालक आजारी होते, म्हणून विलासला पाठवलं. निघायच्या आदल्या दिवशी लोथार त्याच्या टेबलापाशी आला. लोथार म्हणजे भट्टीचा फोरमन, विलासचा इथला सगळ्यात जुना मित्र. म्हणाला, "तर मग, विलास, आमचं सांग त्यांना. नीट सांग." विलासने दोन पानं तयार केली होती. नीलिमासमोर वाचूनही दाखवली.

बैठकीत मोठ्या कारखान्यांची माणसं होती. छोट्यांपैकी बहुतेकांना एक दिवसही कारखाना सोडता येत नाही, त्यामुळे विलास जवळजवळ एकटाच. अध्यक्ष वयस्कर, पांढऱ्या केसांचे, बोलायला फार गोड. ते म्हणाले, "मंत्रालयाकडे दोन मागण्या नेल्या तर दोन्ही बुडतील. मोठ्यांची सवलत टिकवणं ही पहिली मागणी. मर्यादा खाली आणायची मागणी यंदा ठेवून देऊ. कोणाची हरकत?"

एकाने जरी हरकत घेतली तरी ती नोंदवून मागण्यांच्या मसुद्यासोबत मंत्रालयात पाठवायची, असा संघाचा नियम. विलासला तो माहीत होता.

"मग बोलला का नाहीस?" मी विचारलं.

तो म्हणाला, "काका, एवढा मोठा माणूस, वडिलांच्या वयाचा. भरल्या सभेत त्याला नाही कसं म्हणायचं? वाटलं, बैठक संपली की बाजूला गाठू, चहा घेताना समजावू. आपल्याकडे सगळी कामं अशीच होतात ना!"

मला त्यात काही चूक दिसली नाही. मी जन्मभर साहेबांशी असाच बोललो.

त्याने अध्यक्षांना कॉफीच्या टेबलापाशी गाठलंही. ते दहा मिनिटं ऐकत राहिले, खांद्यावर हात ठेवला, "फारच महत्त्वाचा मुद्दा" म्हणाले. विलास आनंदाने परत आला. घरी श्रीखंड झालं, मलाही वाटी आली होती.

आठवड्याने प्रोटोकोल आला, म्हणजे बैठकीचा वृत्तांत. त्यात लिहिलं होतं, मसुदा एकमताने मंजूर. कॉफीच्या टेबलावरचं एक अक्षरही त्यात नव्हतं. इथे सभेत बोललं नाही ते बोललंच नाही.

नीलिमा संतापली. "अहो, आमटीत मीठ कमी पडलं तर चार पाहुण्यांसमोर सांगता! तिथे तोंडात काय धरलं होतंत?" आणि मग तीच रडली.

नवा कायदा झाला तेव्हा मर्यादा होती तिथेच राहिली. वसंत ऋतूत कारखाना बंद झाला. विलास म्हणतो, बोललो असतो तरी कदाचित हेच झालं असतं. पण हे "कदाचित" त्याला झोपू देत नाही.

पुढचं सांगताना मला संकोच वाटतो. त्या बैठकीत विलासशेजारी एका मोठ्या कारखान्याचा व्यवस्थापक बसला होता. त्याचा फोन आला. त्यांच्याकडे हार्डनिंगला माणूस हवा होता. "तुम्ही समजूतदार वाटलात," तो म्हणाला. तिथली वीज सवलतीची. मुलगी स्पृहा कोलोनला शिकते आहे, घराचे हप्ते आहेत. विलासने होकार दिला.

लोथार साठीला आलेला. त्याला कोणी बोलावलं नाही.

हे त्याला दुसऱ्याकडून कळू नये म्हणून विलास स्वतः त्याच्या बागेत गेला. बैठकीत काय झालं तेही सगळं सांगितलं. लोथार वेलींना काठ्या बांधत होता. त्याने हातातली सुतळी खाली ठेवली.

"म्हणजे तू बोललास, पण नंतर?"

"हो."

"नंतर," लोथार पुन्हा म्हणाला. वेलीची एक काठी सरळ केली. मग म्हणाला, "नोकरी घे. निदान एकाची तरी सोय झाली." आणि पुन्हा सुतळी उचलली.

विलासने हे मला सांगितलं तेव्हा आम्ही पुलावर उभे होतो. खालून मालाची एक लांब बोट सावकाश जात होती.

"शिवी दिली असती तर बरं झालं असतं, काका," तो म्हणाला.

सोमवारपासून तो नव्या कामावर जातो. लवकर निघावं लागतं, त्यामुळे संध्याकाळी दमलेला असतो. हल्ली मी बहुतेक एकटाच फिरायला जातो.